मानपत्रातला माणूस

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत होतो. पण राहून जायला आधी विसरावं लागतं, आणि त्या पोस्टकार्डातला एक शब्दही मला विसरता येत नव्हता. ते आलं तेव्हा मी गॅलरीत आरसा टांगून दाढी करत होतो. अर्धा गाल झाला होता. आमच्याकडे पोस्टमन हल्ली फिरकत नाही, त्यामुळे दारात खाकी सदरा दिसताच मी वस्तरा खाली ठेवला. कोर्टाचं काहीतरी असणार असं वाटलं, जरी मी जन्मात कोर्टाची पायरी चढलेलो नाही. कार्ड होतं. निळ्या शाईचं, ओळी उजवीकडे किंचित चढत गेलेल्या. ‘रंगनाथ सर यांस, पुंजारामचा सविनय जय भीम. आपण मानपत्रात ज्यांच्याबद्दल लिहिता ते गृहस्थ फार चांगले गातात असं दिसतं. त्यांची नि माझी एकदा गाठ घालून द्यावी. मला गाता येत नाही. मी सारा जन्म ढोलकी वाजवली. आपण मला कधी ऐकलंय का? ऐकलं असल्यास कुठं, ते कळवावे. येत्या सोहळ्यात पाच मिनिटं वाजवायला मिळेल का, तेही कळवावे. उजवा हात शाबूत आहे. डावा मधेच ऐकत नाही, उद्याचं सांगता येत नाही.’ खाली सही, आणि सहीखाली एक रेघ, अगदी ठाम. मी ते दोनदा वाचलं. तोवर गालावरचा फेस वाळून कातडी ओढायला लागला होता.

‘कुणाचं हो बाबा?’ माझी सून पूजा बँकेत निघायच्या घाईत होती. ‘एका मोठ्या कलावंताचं,’ मी म्हणालो. ‘तुम्हाला?’ तिच्या आवाजातलं आश्चर्य प्रामाणिक होतं. ‘म्हणजे तुमचं लिहिलेलं वाचून?’ ‘हो. वाचूनच.’ ‘अरे वा! मग छानसं उत्तर पाठवा,’ असं म्हणून ती गेली, आणि मी खुर्चीत बसलो तो बसलोच. संध्याकाळी कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेलो तेव्हा भाजीवाल्या लताबाईंनी मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकता टाकता विचारलं, ‘सर, एकाच गालाची केली? अर्ध्या पैशात झाली का?’

मी मानपत्रं लिहितो. हा धंदा नाही, आणि कला आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या निरोप समारंभाचं मानपत्र लिहायला कुणी मिळेना, म्हणून प्राचार्यांनी ते मलाच लिहायला सांगितलं. भिडेखातर मी हो म्हणालो. पण स्वतःबद्दल लिहिताना इतका संकोच झाला की ते लिखाण हळूहळू दुसऱ्याच कुणाबद्दल होत गेलं. त्यातला ग्रंथपाल व्यासंगी होता, विद्यार्थ्यांचा दीपस्तंभ होता. मी विद्यार्थ्यांना नुसता ‘शांतता राखा’ म्हणत असे, तेही पाटीकडे बोट दाखवून. लोकांना मानपत्र फार आवडलं. कुणालाही तो माणूस आणि मी वेगळे आहोत असं वाटलं नाही, किंवा वाटलं तरी त्याचं वाईट वाटलं नाही. तेव्हापासून नाशकात कुणाचा सत्कार निघाला की माझ्याकडे माणूस येतो. मला लवकरच कळलं की मानपत्राला माणसाची माहिती लागत नाही. उलट ती आडवी येते. डॉक्टर असेल तर देवमाणूस, शिक्षक असेल तर ज्ञानयज्ञ, बिल्डर असेल तर दूरदृष्टी. निगर्वी सगळेच. एखाद्याबद्दल खरोखर काही ठाऊक असलं की पेन अडखळतं, वाक्य वाकडं होतं आणि चौकटीत बसत नाही.

कलावंत गौरव समितीचे अध्यक्ष खैरनार पहिल्यांदा पुंजारामांसाठी आले ती दुपार मला स्पष्ट आठवते. खैरनारांचं नाशकातच, द्वारका चौकात, मंडप डेकोरेशन आणि फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वर्षातून काही वेळा ते वृद्ध कलावंतांचे सत्कार करतात. खुर्च्या घरच्याच असतात. ‘पुंजाराम,’ ते म्हणाले, ‘लोककलावंत. दिल्लीचा पुरस्कार. राष्ट्रपतींच्या हस्ते. शाहीर हो, शाहीर!’ ते नक्की काय करतात, हा प्रश्न माझ्या घशापर्यंत आला होता. पण कापडाच्या दुकानात दुसरा रंग दाखवा म्हणायला ज्याची जीभ रेटत नाही, त्यानं एवढ्या उत्साही माणसाला मधेच कसं थांबवायचं? शिवाय ग्रंथपाल असून एवढं माहीत नाही, असं त्यांना वाटलं असतं. ते गेल्यावर मी पेन हातात धरून खिडकीबाहेर पाहत बसलो. समोर चामरलेण्याचा डोंगर होता. मी लिहिलं, ‘पहाडी आवाजाचे धनी.’ माझं घर गोदेच्या काठी असतं तर तो आवाज ओघवता झाला असता. पुढं जी जी संस्था येई ती म्हणे, ‘ते शाहिरांचं मागचंच द्या सर, नुसतं आमचं नाव घाला.’ आवाज संस्थेगणिक मोठा होत गेला. एका बँकेच्या सत्कारात त्यानं दऱ्याखोरी दुमदुमवली होती. मी यातल्या एकाही सोहळ्याला गेलो नाही. वाचायला निवेदिका असते. मला स्टेज म्हटलं की तळहाताला घाम सुटतो. माझं नाव तेवढं खाली बारीक अक्षरात असे, ‘शब्दांकन: रंगनाथ’, आणि त्याच बारीक अक्षरांनी मला आता पकडलं होतं.

‘आपण मला कधी ऐकलंय का?’ याचं उत्तर सरळ ‘नाही’ असतं तर कदाचित मी ते लिहिलंही असतं. पण लिहायला बसलो की मला नाशिकरोडचं आमचं जुनं घर आठवे. नाल्यापलीकडच्या वस्तीत जयंतीच्या दिवसांत जलसा उभा राही, आणि वडील म्हणत, ‘खिडकी लाव, अभ्यास कर.’ मी खिडकी लावी. खिडकी लावली की गाणं बाहेर राही, पण ढोलकी आत येई. लाकडातून, भिंतीतून, माझ्या भूमितीच्या पुस्तकाखालच्या टेबलातून. मी कंपासनं वर्तुळ काढत असे आणि ते त्या ठोक्यांनी किंचित थरथरे. ती ढोलकी कोणाची, हे मी कोणालाही विचारलं नाही. विचारायचं असतं हेही कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मी कार्डावर लिहिलं, ‘होय, बहुधा, बंद खिडकीतून.’ वाचून पाहिलं आणि कानशिलं तापली. मग लिहिलं, ‘आपल्या कलेचा मी निस्सीम चाहता...’ आणि माझ्याच हाताची मला किळस आली. त्यातून ‘जय भीम’ला काय लिहायचं? ‘नमस्कार’ लिहिलं तर अंगचोर वाटेल, ‘जय भीम’ लिहिलं तर दिखाऊ वाटेल, असा विचार करत मी पहिल्याच ओळीवर तासन्‌तास बसे. मी एवढा विचार करतो म्हणजे संवेदनशील असेन, असंही मधेच वाटे. पण संवेदनशील माणसानं एव्हाना कार्ड पेटीत टाकलं असतं.

शेवटी ठरवलं की उत्तर नंतर, आधी दुसऱ्या प्रश्नाचं पाहू. येता सोहळा खैरनारांच्या समितीचाच होता; पाच मिनिटं मिळवून द्यायची, मग पत्र आपोआप सोपं होईल. द्वारकेच्या चौकात रस्ता ओलांडण्यातच माझी सगळी हिंमत संपली. दुकानात पोचलो तेव्हा तिथं बसण्याव्यतिरिक्त काही करायची ताकद माझ्यात उरली नव्हती. ‘या सर! तुमचंच काम चाललंय,’ खैरनार म्हणाले. टेबलावर माझं मानपत्र पालथं पडलं होतं. मोठी सोनेरी फ्रेम, पुढं काच, आणि एक कामगार मागून प्लायला चुका ठोकत होता. ‘जीवनगौरव आहे या वेळी, म्हणून मोठी साइज घेतली. चहा?’ मी म्हणालो, ‘जरा बोलायचं होतं. ते शाहीर... म्हणजे, ते शाहीर नाहीत.’ खैरनारांचा चेहरा उतरला. ‘नाहीत? कधी गेले? अहो, हॉल बुक झालाय!’ त्यांचा हात मोबाइलकडे गेला. ‘तसं नाही, जिवंत आहेत,’ मी घाईनं म्हणालो. ‘पण ते गात नाहीत.’

‘या वयात कोण गातं, सर?’

‘कधीच गायले नाहीत. ढोलकी वाजवतात.’

‘हे तुम्हाला त्यांनीच सांगितलं ना?’ खैरनार आता हसले, मोठ्या मायेनं. ‘विनय आहे हो तो. मागं मलाही म्हणाले, साहेब, मी गात नाही. मी भाषणातच घेतलं ते. म्हटलं बघा, एवढा थोर माणूस आणि म्हणतो मी गात नाही! काय टाळ्या पडल्या!’

‘त्यांना पाच मिनिटं वाजवायचंय.’

‘सत्कारमूर्तींनी?’ त्यांना खरंच वाईट वाटलं. ‘सर, तुम्ही नवरदेवाला पंगत वाढायला लावता का? लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याला बोलावलं आणि राबवून घेतलं. शिवाय टाइम कुठंय? दीपप्रज्वलन, शाळेच्या मुलींचा नाच, मग भाषणं. प्रमुख पाहुण्यांना पुढं मालेगावचा कार्यक्रम आहे.’

‘नाचाला ढोलकी लागेल ना?’ हे मी कसं बोललो मला कळलं नाही.

‘आहे ना. पेनड्राइव्हमध्ये आहे.’ मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, ‘आणि हो, आपली निवेदिका बाळंतपणाला माहेरी गेलीय. या वेळी वाचन तुम्हीच करायचं. लेखकाच्या तोंडून, काय?’ मी ‘हो’ म्हणालो. का म्हणालो ते विचारू नये. चहा आला होता, तो गरम होता, आणि नाही म्हणायला तोंड मोकळं नव्हतं.

आता पत्रानं नाही, तर तोंडानंच सांगावं असं मी ठरवलं. रिक्षात मी वाक्य पाठ करत होतो: ‘समितीनं आपल्या विनंतीचा सहानुभूतीनं विचार केला, परंतु...’ हे ‘परंतु’ आलं की प्रत्येक वेळी रिक्षा गतिरोधकावरून उडे. पुंजारामांची कॉलनी माझ्या घरापासून फार लांब नाही. दार उघडंच होतं. एक म्हातारी मेथी निवडत बसली होती. त्या भिमाबाई, त्यांची बायको. ‘कोण पायजे?’ मी नाव घेतलं. ‘हाताला शेक द्यायला गेलेत, येतील आता. बसा. सरकारी का?’ ‘नाही. म्हणजे, होतो,’ मी म्हणालो. ‘मंग लिहून घ्या, जिवंत हायेत. मागल्या साली बी मानधनाचे एक साहेब येऊन बघून गेले. हात लावून बघायचे तेवढे राहिले.’ मी कॉटवर टेकलो. अंगाखाली मऊ, ठिकठिकाणी जरीचं टोचत होतं. ‘ती गोधडी शालींची हाय,’ त्या म्हणाल्या. ‘एवढ्या शाली कोण पांघरंल? उन्हाळ्यात सत्कार करत्यात अन् लोकरीची घालत्यात. आपल्या तिकडं नांदगावला लग्नकार्यात देऊन टाकल्या, तर पाव्हण्यांनी फिरून ह्यांच्याच सत्काराला आणल्या. मंग मी फाडून शिवल्या. तुम्ही बसलात ती धा संस्थांची असंल.’ मी जरा अलीकडे सरकलो, म्हणजे अकराव्या संस्थेवर गेलो असेन.

‘आणि मानपत्रं?’ मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं. जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तसं झालं. भिमाबाईंनी मागच्या दाराकडं मान उडवली. ‘न्हाणीला आडोसा केलाय. फळ्या चांगल्या हायेत. अक्षरं आतल्या अंगाला लावली, बाहेरच्याला दिसाया नको.’ आतून थेंब टपकल्याचा आवाज येत होता. माझी सारी गद्यशैली तिथं भिंतीला तोंड करून ओली होत होती. ‘पहाडी आवाज म्हणं!’ त्या म्हणाल्या. ‘आवो, हे पाळणा म्हणाया लागले का निजलेलं पोर उठून बसायचं. गायचे ते कारभारी शाहीर. पार्टी त्यांची, आवाज त्यांचा. हे मागं बसून वाजवायचे, पण कारभारी सोता म्हणायचे, पुंज्या थांबला तर मी मुका. ते गेले बिचारे. अन् त्यांचा आवाज ह्यांच्या नावावर चढवला कुण्या शहाण्यानं, सातबाऱ्यावर चढवत्यात तसा. हे लय सांगून बघत्यात. जितकं नाय नाय म्हणत्यात तितकं लोक पाया पडत्यात.’ ‘कोण लिहितो कोण जाणे,’ मी म्हणालो. ‘असंल कुणी पेन्शनीतला. घरात काम सांगत नसतील.’ त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं ठेवला. मी मान खाली घालून प्यायलो. साखर भरपूर होती आणि त्यामुळे जास्तच अपराधी वाटत होतं.

ढोलकी समोरच्या लाकडी पेटीवर होती, एका शालीत गुंडाळलेली. शाल सगळ्यांत चांगली होती. ‘रोज सकाळी बसत्यात,’ भिमाबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. ‘उजवा चालतो. डावा मधीच थांबतो. मंग त्याच्याकडं बघत राहत्यात, रुसलेल्या नातवाकडं बघावं तसं. म्हणत्यात, एकदा लोकांपुढं वाजू दे, मंग गेला तरी चालंल. त्या पेनवाल्याला पत्र बी घातलंय. त्याचं काय उत्तर नाय. रोज पोस्टमनला आडवत्यात, तो आता दुसऱ्या गल्लीनं जातो.’ माझा घोट चुकला. ठसका लागला, त्यांनी पाठीवर थापटलं, जोरात. मी उठलो. बाहेर कुणाची तरी काठी वाजल्यासारखी वाटली आणि मी चपलेत उलटेच पाय घातले. ‘आवो, नाव काय सांगू?’ ‘येईन पुन्हा,’ मी म्हणालो. ‘बरं. येईनपुन्हा आले व्हते म्हणते.’

सोहळ्याच्या दिवशी मी खिशात औषधाच्या दोन गोळ्या ठेवल्या होत्या. त्या कशावरच्या होत्या हे आता आठवत नाही. हॉल बराचसा भरला होता, कारण नाचणाऱ्या मुलींचे आईबाप आले होते. पुंजाराम ढोलकी घेऊनच आले. त्यांनी उत्तराची वाट पाहणं सोडून दिलं असावं. दारातच खैरनार पुढं झाले. ‘सत्कारमूर्तींनी ओझं वाहायचं? शोभतं का शाहीर? द्या, गाडीत ठेवतो.’ ढोलकी गाडीत गेली, आणि गाडी पाहुण्यांना आणायला गेली. पाहुणे आले, पण गाडी कुठंतरी डिझेल भरायला गेली. पुंजारामांना मधल्या सिंहासनासारख्या खुर्चीत बसवलं. डोक्यावर फेटा बांधला तो मोठा झाला. तो भुवयांवर उतरे आणि ते मान मागं करून त्याच्याखालून जगाकडं पाहत. मांडीवर नारळ. मी विंगेत हातात फ्रेम धरून उभा होतो, कारण ती ठेवायला जागा नव्हती. मुलींचा नाच सुरू झाला. पेनड्राइव्हमधली ढोलकी कुठल्यातरी यंत्रानं वाजवलेली होती. प्रत्येक ठोका सारखा, कापलेल्या साबणासारखा. आणि मी पाहिलं, पुंजारामांच्या उजव्या हाताची बोटं नारळावर हलत होती. त्या यंत्राबरोबर नव्हे. त्याच्या जरा मागं, मग जरा पुढं, मूर्ख मुलाला हाताला धरून रस्ता ओलांडून द्यावा तशी. डावा हात नुसता पडून होता. मला वाटलं, हा माणूस एवढ्या सगळ्यांपुढं वाजवतो आहे आणि हे फक्त मला दिसतंय. आणि ज्याला दिसतंय त्यानंच उत्तर दिलेलं नाही.

भाषणं झाली. एका वक्त्यानं शाहिरांच्या आवाजानं आपल्या बालपणी अंगावर काटा आल्याचं सांगितलं. दुसऱ्यानं सरकारनं वृद्ध कलावंतांसाठी काय काय केलं नाही ते सांगितलं, आणि पाहुण्यांनी सरकारतर्फे मान डोलावली. सगळे पुंजारामांकडं पाहून बोलत होते, पण त्यांना काही विचारत कुणीच नव्हतं. एकदा तेवढं खैरनारांनी वाकून ‘बाथरूमला जायचंय का?’ असं विचारलं. मग माझं नाव पुकारलं. मी माइकपुढं आलो. दिवे इतके पांढरे होते की समोर माणसं नसून नुसता खोकला आहे असं वाटत होतं. पहिला परिच्छेद मी कसा वाचला ठाऊक नाही. माझा आवाज स्पीकरमधून फिरून माझ्याच मागं येऊन उभा राहत होता. निगर्वी झालं. तपस्वी झालं. आणि मग तो शब्द आला. मला तो काचेखाली दिसत होता, ठळक, वेलबुट्टीसकट. मी थांबलो. माइक शिट्टी वाजवायला लागला. ‘इथं चूक आहे,’ मी म्हणालो. ‘ती माझी आहे. हे गात नाहीत. मी यांना कधी ऐकलेलं नाही.’

मग कुणीतरी ‘वाऽ!’ म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खैरनारांनी दुसरा माइक घेतला. ‘बघा, लेखकसुद्धा भारावून गेले! शब्द अपुरे पडले!’ टाळ्या वाढल्या. मी ओरडलो, म्हणजे माझ्या मानानं ओरडलो, ‘अहो, ते ढोलकी वाजवतात!’ पाहुण्यांनी कौतुकानं शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. मला रडू येईल असं वाटायला लागलं. खरं सांगितलं की ते लोकांना अलंकार वाटतं, हे मीच इतकी वर्षं लिहून लिहून त्यांना शिकवलं होतं. तेवढ्यात पुंजाराम उठले. त्यांनी नारळ पाहुण्यांच्या मांडीवर ठेवला, फेटा काढून खुर्चीला घातला आणि माझ्याकडं आले. मला वाटलं, मारतात की काय. मारलं असतं तर बरंही वाटलं असतं. ‘तुम्हीच का ते?’ त्यांनी हळू विचारलं. ‘हो.’ ‘द्या इकडं.’ त्यांनी माझ्या हातातली फ्रेम घेतली, उलटी केली, आणि स्टेजवर मांडी घालून बसले.

प्लायवर पहिली थाप पडली तेव्हा खाली पुढच्या रांगेतून भिमाबाई ओरडल्या, ‘आवो, काच हाय तिला!’ लोक हसले. दुसऱ्या थापेला थोडे कमी हसले. पुढं मला लोकांचं काही आठवत नाही. मी माइक स्टँडवरून काढला आणि त्यांच्यापुढं गुडघे टेकून फ्रेमजवळ धरला. तेवढंच एक काम मला सुचलं. प्लायला घुमारा कुठला? पण ते फ्रेम पोटाशी दाबत, सोडत, आणि कुठून तरी खोल आवाज काढत. उजव्या हाताची बोटं कोरडी, स्पष्ट बोलत होती, आणि डावा हात उशिरानं का होईना, हुंकार देत होता. मग तो थांबला. मधेच, हवेत. पुंजाराम त्याच्याकडं पाहत राहिले. पाहुण्यांचा सेक्रेटरी घड्याळावर बोट ठेवून उभा होता, खैरनार विंगेतून हाताची कात्री करत होते, आणि उजवा हात एकटाच चालत होता. पण तो आता वाजवत नव्हता, जागा ठेवत होता. प्रत्येक फेऱ्यात डाव्याची जागा मोकळी सोडत होता. ती रिकामी जागा ऐकू येत होती. मी जन्मात काही इतकं ऐकलेलं नाही. आणि कितव्यातरी फेऱ्यात डावा हात उतरला आणि नेमका त्या जागेत बसला. खाली काच तडकली. पुंजारामांनी त्या आवाजाला मान दिली, त्याच्यावरच शेवटची थाप मारली आणि हात उचलले. ‘झालं,’ ते म्हणाले. माइक माझ्या हातात असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

टाळ्या पडल्या, पण त्या जरा गोंधळलेल्या होत्या. नाचणाऱ्या मुली मात्र विंगेत पाय आपटत ‘आजोबा, अजून!’ म्हणत होत्या. खैरनारांनी आभार मानले: पाहुण्यांचे, हॉलचे, स्वतःच्या मंडपाचे आणि ‘शाहिरांच्या उत्स्फूर्त आविष्काराचे’. दुसऱ्या दिवशी पूजानं पेपरातली बातमी दाखवली. फोटोत मी गुडघ्यावर, आणि खाली: ‘शाहीर पुंजाराम यांनी आपल्या पहाडी आवाजानं रसिकांना मंत्रमुग्ध केलं.’ बातमीचा मजकूर खैरनारांनी सोहळ्याच्या आदल्या दिवशीच पाठवलेला होता. शब्द माझेच होते, मानपत्रातले. पूजा म्हणाली, ‘बाबा, तुम्ही काय करताय इथं? शोधताय काही?’ मी म्हणालो, ‘हो.’

मग मी पोस्टात गेलो. कार्ड मागितलं तेव्हा खिडकीतल्या मुलीनं वर पाहिलं, ड्रॉवर उघडला, बंद केला, दुसरा उघडला आणि एक कार्ड काढून फुंकर मारून दिलं. मी तिथल्याच डिंकानं चिकट झालेल्या टेबलाशी उभा राहून लिहिलं. ‘शाहीर’ लिहिलं ते खोडलं. ‘अद्वितीय’ लिहिलं तेही खोडलं. एकदा खोडायला सुरुवात केल्यावर हात थांबेना, आणि कार्ड तर एकच मिळालं होतं, त्यामुळे उरलं ते फार थोडं: ‘पुंजाराम यांस, रंगनाथचा जय भीम. मानपत्रातले गृहस्थ माझ्याही ओळखीचे नाहीत, त्यामुळे गाठ घालून देता येत नाही. क्षमस्व. आपल्याला ऐकलं. काल, अगदी जवळून. एक विचारायचं आहे. डावा हात थांबला तेव्हा उजवा त्याच्यासाठी जागा ठेवत गेला. हे कारभारींच्या पार्टीत असतानाचं आहे, की तिथंच सुचलं? मला यातलं काही कळत नाही. कधी येऊ? ढोलकी गाडीतून परत मिळाली का, तेही कळवावे.’

बाहेर लाल पेटीपुढं मी उभा राहिलो. ‘जय भीम’ बरोबर ठिकाणी लिहिलं का, पिनकोड बरोबर आहे का, एवढी खाडाखोड पाहून त्यांना अपमान वाटेल का, घर जवळ असताना पत्र टाकणं हास्यास्पद नाही का, हे सगळं माझ्या मनातून गेलं, आणि कार्ड फटीत अर्धं गेलेलं मी दोनदा मागं ओढलं. मागं एक माणूस पाकीट घेऊन उभा होता. ‘बाबा, टाकताय का?’ तो म्हणाला. मी मान वळवून त्याला सांगायला लागलो की मला पेनानं पुन्हा एक शब्द... आणि बोटं सुटली. पेटी रिकामी असावी. कार्ड तळाला टेकल्याचा आवाज आला.

‘टाकलं,’ मी त्याला म्हणालो.